इतर एक

पान एकशे त्र्याहत्तर. इथे मी दोन दिवस अडले आहे.
मूळ आरोपपत्रात शब्द आहे गुरिल्ला.
कोशात समोर सरळ दिलंय: गनिमी काव्यानं लढणारा.
मी तसं लिहिलं. सरकारी वकील गुप्तेसाहेबांनी
तांबड्या पेनानं गोल केला.
"बाई, हा शब्द त्यांना देऊ नका."

मी म्हटलं, साहेब, हा तसाही आपला नव्हे.
गनीम म्हणजे शत्रू. समोरच्यानं आपल्याला ठेवलेलं नाव.
आपण ते धुऊन, इस्त्री करून
चौथीच्या पुस्तकात घातलं.
साहेब हसले. गोल तसाच राहिला.

कोर्ट नाक्यावरून जाताना तुरुंगाची भिंत लागते.
किल्ला होता तो. फिरंग्यांनी बांधायला काढला,
मराठ्यांनी घेतला, इंग्रजांनी कोठड्या पाडल्या.
दरोडेखोर म्हणून ज्याला आत लटकवलं
त्याला आता वर्षातून एकदा हार घालतात.
भिंतीला काही कळवलेलं नसावं.

बचावाच्या वकीलबाईंनी जिनिव्हाचं कलम जोडलंय,
त्याचंही मराठी माझ्याकडेच:
हुकूम देणारा कोणी जबाबदार असावा.
दुरून ओळखू येईल अशी खूण अंगावर असावी.
शस्त्र उघड बाळगावं. युद्धाचे रिवाज पाळावेत.
म्हणजे लपून लढणाऱ्यानं
निदान मारायच्या घटकेला तरी लपू नये.
त्याखाली सरकारचं उत्तर, एका ओळीचं:
युद्ध नव्हतंच, सबब रिवाज लागू नाहीत.

आरोपी तळोज्याहून पडद्यावर येतो.
आवाज तुटक, चेहरा चौकोनाचौकोनांत फुटलेला.
त्याचं म्हणणं मी उतरवते:
"आम्ही फक्त वर्दीवर रोखलं होतं."
वर्द्या पाच. जीप एक.
जीप भाड्याची होती.

घरी शौनकच्या वहीत प्रश्न:
गनिमी कावा म्हणजे काय? दोन ओळींत लिहा.
त्यानं लिहिलंय, अचानक यायचं, मारायचं, पळून जायचं.
दोनपैकी दोन मिळालेत.
मी विचारलं, कोणाला मारायचं?
तो म्हणाला, ते प्रश्नात नाही.

प्रश्नात तेवढंच आहे रे, असं तोंडाशी आलं होतं.
दोन्ही बाजूंची सगळी कलमं
त्या एका 'कोणाला'वर पाय टेकून उभी आहेत.
पण कढई तापली होती. मोहरी तडतडली. राहिलं.

सुगंधा विशे शहापूरहून येते, प्रत्येक तारखेला.
जिन्याखालच्या बाकावर बसते,
भाकरी फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी मांडीवर.
काल तिनं मला गाठलं.
"आमच्या ह्यांचं नाव कुठं हाय त्यात?"

मी पान काढलं, बोट ठेवलं.
'पाच पोलीस कर्मचारी व इतर एक.'
ती वाचते, हळू. अक्षराला अक्षर जोडत शेवटाला आली.
"इतर म्हंजे?"

साडेतीनशे पानांत वर्दी नसलेला, शस्त्र नसलेला,
कोणाच्याच हुकमात नसलेला तो एकटा.
दहशत कुठे सुरू होते हे मोजायचं
तर पट्टीचं शून्य त्याच्यावर ठेवावं लागतं.
हे तिला कसं सांगणार. मी म्हटलं,
म्हणजे चालक.

"गाडीची पाटी पिवळी होती ना बाई," ती म्हणाली.
"भाड्याची. लांबून कळतं की."

गुरिल्ला मी गुरिल्लाच ठेवला, देवनागरीत.
गुप्तेसाहेबांना चालला.
तिचं वाक्य मात्र मराठीच होतं,
त्याला माझी गरज नव्हती.
पेन टेकवून बसले एकशे त्र्याहत्तराव्या पानावर,
शाई कागदात उतरत राहिली,
कुठल्या रकान्यात घालू ते कळेना.