चष्मा

पर्वतीच्या पायथ्याशी महापालिकेची शाळा.
दुसरा मजला, चौथी ‘ब’.
नऊ वर्षांच्या पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून
आम्ही सत्तावीस जण,
आणि फळ्यावर ताणून बांधलेला बॅनर:
प्रौढशिक्षण कार्यकर्ता क्षमतावृद्धी प्रशिक्षण.
त्यातल्या ‘वृद्धी’त द आणि ध यांची अदलाबदल झालेली.
पहिल्या दिवशी त्यावरच पाऊण तास गेला.
पुणं आहे. जाणारच.

आज तिसरा दिवस, जेवणानंतरचं सत्र.
पोटात मसालेभात, डोक्यावर न फिरणारा पंखा.
हळबेबाईंनी एकेक कागद वाटला
आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
‘मानधनाचा फॉर्म आहे.
दहा मिनिटांत भरा, सही करा.
ज्याचा राहील त्याचा पुढच्या वर्षी.’

कागद मोडीत होता.
वरून एकच लांबलचक रेघ,
तिला अक्षरं लोंबकळलेली,
दोरीवर वाळत घातलेल्या दुसऱ्यांच्या कपड्यांसारखी.
शब्द कुठे संपतो, कुठे सुरू होतो,
काही म्हणता काही कळेना.

अन्वर मणेर आधी हसला.
मग हसायचा थांबला.
एम. ए. बी. एड. काळोखेबाई
माझ्या कागदात डोकावल्या,
जसं काही माझ्याकडे वेगळं छापलं होतं.
सकाळी ज्यांनी ‘अध्ययनाची प्रेरणा’ या विषयावर
चार रंगांत तक्ता काढला
ते सुतारसर लघवीला म्हणून गेले
ते चहालाच उगवले.
मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं,
‘आता या वयात काय करायचंय शिकून?’

हळबेबाई माझ्यापाशी थांबल्या.
‘काय हो, कोरा का?’
आणि मी, सोळा वर्षं वर्ग घेणारी मी,
म्हणाले,
‘चष्मा विसरले घरी.’

तो माझ्या कपाळावर होता.

हे वाक्य माझं नाही.
हे सोजरबाईंचं.
मार्केट यार्डात दिवसभर कांदा निवडून
दांडेकर पुलाजवळच्या समाजमंदिरात
रात्री आठला येतात,
हाताचा वास जाऊ नये तसा जात नाही म्हणून
वही लांब धरतात.
फळ्याकडे बोलावलं की ठरलेलं:
चष्मा विसरले, बाई.

गेल्या दिवाळीआधी एकदा
मी मोठ्या मनाने माझा चष्मा काढून
त्यांच्या नाकावर ठेवला होता.
‘घ्या. आता वाचा.’
सगळा वर्ग हसला. मीसुद्धा.
त्या तास संपेपर्यंत तो घालून बसल्या,
माझ्या नंबरच्या धुक्यात,
वहीचं एक पान न उलटता.
जाताना पदराने काचा पुसून परत दिला.
पुढचे पंधरा दिवस आल्या नाहीत.
हजेरीपटावर मी कारण लिहिलं होतं:
‘अनास्था.’

इकडे हळबेबाई विचारत होत्या,
काय वाटलं? एका शब्दात सांगा.
लाज, म्हणालं कुणी. राग, म्हणालं कुणी.
फ्लिपचार्टवर शब्द चढत गेले.
मला एका शब्दात येईना.
प्रमाणपत्र मिळालं,
त्यावर माझ्या नावातला ‘खि’ दीर्घ केलेला.
दुरुस्त करून घेतला नाही.

रात्री आठ.
समाजमंदिरात ट्यूब फडफडत लागली.
‘या सोजरबाई, फळ्यावर.’
‘चष्मा विसरले, बाई.’
मी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला,
पर्सची चेन ओढली.
‘मीपण.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग पर्सकडे.
‘मग दोघी मिळून काय दिवे लावणार?’
म्हणाल्या, आणि उठल्या,
खडू घेतला.