थाप

ते गाणं इथे सगळ्यांना येतं.
सप्टेंबर संपताना डोंगरावरून घोडे उतरतात,
दगडी कुंपणात शेकडो पाठी एकमेकींना घासतात,
वाफ, लीद, भिजलेल्या लोकरीचे स्वेटर,
आणि दुपारी तीनलाच कुणीतरी बाटली उघडून सुरू करतो:
चल अबलखा, पुढे चल,
पुढे वारा नाही, पुढे बर्फ नाही.
मग सात टाळ्या. मग एकदम थांबायचं.
त्या थांबण्यात पेले वर जातात.
चुकून आठवी टाळी ज्याची पडेल
त्याने पुढची बाटली आणायची.

अर्थ विचाराल तर ज्याचा त्याचा.
शाळेत स्वानहिल्दुर बाई सांगायच्या, अबलख म्हणजे आइसलँड,
काळा खडक, पांढरा बर्फ, बघा मुलांनो.
पाद्री म्हणतो, आत्मा.
माझा नवरा म्हणायचा, हे उघड उघड एका बाईबद्दल आहे,
आणि म्हणताना माझ्याकडे बघत नसे.
एका बँकेने ते जाहिरातीत घातलं:
पुढे वारा नाही, पुढे बर्फ नाही, सव्वाचार टक्के.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आर्न्थोर मात्र
टाळ्या वाजवत नाही.
मला वाटायचं, बोटांचे सांधे धरले असतील.
एकदा त्याच्या घोडीची नाल सैल झाली म्हणून गेले.
खूर मांडीवर घेऊन खिळे उपटत होते,
तर तो म्हणाला, अगं, ते गाणं नाहीच.
ती थाप आहे.

त्याच्या पणज्याच्या शेजारी ऑद्दुर राहायचा.
चारा संपलेलं वर्ष, सहा मुलं,
आणि खाडीत उभी एक स्कॉटिश बोट.
घोडे हवेत, घोड्या नकोत. ठेंगणे, रुंद छातीचे. पैसे रोख.
ठेंगणे कशाला, हे कुणी विचारलं नाही.
चार दिवसांची वाट. तिसऱ्या दिवशी नदीपाशी
अबलख अडला, काही केल्या उतरेना.
तेव्हा ऑद्दुर त्याच्या मानेवर थाप मारत बोलत राहिला:
पुढे वारा नाही रे, पुढे बर्फ नाही,
कुणीतरी हाताने चारा देईल तुला.
बोलून बोलून त्या बोलण्याला चाल लागली,
आणि घोडा उतरला पाण्यात.

धक्क्यावरून बोटीत जायला फळी होती.
फळीवर सात टापा वाजल्या.
आठवी आत, पेंढ्यावर पडली.

दोन वर्षांनी एका खलाशाने सांगितलं
ते घोडे कुठे नेतात.
जमिनीखाली. कोळशाच्या बोगद्यात,
छत इतकं खाली की आपल्याच घोड्यांची उंची तिथे मावते.
वारा नाही. बर्फ नाही.
कपाळाला दिवा बांधलेलं एखादं पोर
हाताने चारा देतं.
एक शब्द खोटा निघाला नाही.
ऑद्दुर पुन्हा गायला नाही,
पण तोवर मुलांचं पाठ झालं होतं.

मी खूर खाली ठेवला. पैसे घेतले नाहीत.
घरी गेले, जेवले, विसरले म्हटलं तरी चालेल.

मग जूनमध्ये माझी ग्लोद विकली,
म्युनिकजवळच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना.
भल्या बाई आहेत. तबेल्याचे फोटो पाठवतात.
इथला कायदा असा, की बेटाबाहेर गेलेला घोडा
परत आणता येत नाही. एक दिवसही नाही. रोगराई येईल म्हणून.
विमानतळावर पेटीत चढताना ती अडली,
कान मागे, चारी पाय रोवून.
मी मानेवर हात ठेवला, काहीतरी गुणगुणत राहिले,
आणि ती चढली.
काय गुणगुणत होते ते
कागदावर सही करताना कळलं.

फळीवर हल्ली रबर असतं.
नाल मी स्वतः ठोकले होते, चारही,
त्यांचा आवाज मला लांबून ओळखू येतो.
काही ऐकू आलं नाही.

या वर्षी कुंपणाशी सगळे थांबले, पेले वर गेले,
आणि आठवी टाळी माझी पडली.
मोठा हशा झाला. बाटली मीच आणली.
आर्न्थोरने न बोलता पेला पुढे केला.