अठरा वॅट

बॅटरी गच्चीवर बसवली, पाण्याच्या टाकीखाली.
तळमजल्यावर नको, म्हणाले सेक्रेटरी निझार मर्चंट,
इथं पाणी कंबरेपर्यंत येतं, मीटरनेही पाहिलंय.

मी सॉफ्टवेअरवाली.
मुलुंड चेकनाक्याअलीकडची ही चार मजली इमारत
दोन महिने माझ्या स्क्रीनवर एक वाकडीतिकडी रेघ आहे.
साडेदहाला चढते: फ्लेक्स छापायचं मशीन.
दुपारी अन्सारींच्या इस्त्र्या, सात, एकदम.
संध्याकाळी गोहिल सरांचे तीन वर्ग, सहा एसी,
आणि नेमका तेव्हाच युनिटचा दर महाग.
मग प्रोग्रॅम हळूच कंपनीकडून घेणं कमी करतो,
पिठाच्या डब्यातून नोट काढावी
तशी दुपारची वीज काढतो, कुणाला कळू न देता.
वर्ग चालूच असतो. त्रिकोणमिती.

आधी हे काम सावळाराम घाडी करायचे.
म्हणजे जनरेटर. हँडल मारून, नंतर बटणाने.
लाइट गेली की कुणाचा स्विच आधी, ते डोक्यात:
"कारखानीसबाईंचा फ्रिज. लोकांचं रक्त असतं त्यात.
मग लिफ्ट, पण आत कुणी असेल तरच.
गोहिलांची पोरं थांबतात. उकाड्यातही हसतात."
मी लिहून घेतलं. प्राधान्य एक, दोन, पाच.
प्रोग्रॅमने चाळीस दिवस शिकून जवळपास तेच सांगितलं.
घाडी म्हणाले, हुशार आहे.
मग म्हणाले, याला पगार किती?

एक गोष्ट जुळेना.
कॉमन पॅसेजच्या लाइनवर अठरा वॅट.
रात्री दोनला अठरा, रविवारी अठरा,
दिवाळीत सगळं बंद, तरी अठरा.
स्क्रीनवर केशरी चौकट:
अनोळखी भार. नाव द्या किंवा तोडा.

घाडींना विचारलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा
या हातातून त्या हातात घेतला.
लिफ्ट बोलावली नाही. जिन्याने नेलं.

तीनशे चार. धनेश वोरा, सी. ए., पितळी पाटी.
वोरा गेले त्याला दोन वर्षं,
भाऊ-भाऊ कोर्टात, दाराला सील, मीटर कापलेला.
दाराखालून एक वायर आत गेलेली,
तिच्यावर पायपुसणं, अगदी सरळ अंथरलेलं.
काचेतून फायलींचे गठ्ठे दिसले,
आणि कोपऱ्यात हिरवट उजेड, काचेची पेटी, बुडबुडे.
"तीन होते. आता एक. काळा आहे."
दाराच्या वरच्या झडपेतून घाडींनी
कंड्युटचा लांब पाइप सरकवला, नेम धरला,
चिमूटभर दाणे सोडले, मागून फुंकर मारली.
मासा वर आला.
"पाणी?"
"तेही यातूनच. रात्री."
मग पाइप काढत, माझ्याकडे न बघता:
"कमिटीला सांगणार?"

मी खाली आले. मर्चंटांनी मागवलेला चहा घेतला.
चौकटीत टाइप केलं: कॉमन, किरकोळ.
प्राधान्य:
इथं कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

शुक्रवारी फीडर गेला. साडेचार तास.
प्रोग्रॅमने एसी सोडले, इस्त्र्या सोडल्या, फ्लेक्स सोडलं,
लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडून ठेवली.
गोहिल सरांनी मोबाइलच्या उजेडात गणित संपवलं.
बॅटरी नऊ टक्के. आलेखात दोनच रेघा.
एक फ्रिजची, दर वीस मिनिटांनी उसळणारी.
दुसरी सरळ. अठरा, अठरा, अठरा.
हॉस्पिटलात रेघ अशी सरळ झाली
की नर्स आधी घड्याळाकडे बघते.
मी कळव्याला, घरी, पानावर बसून
फोनमधली ती सरळ रेघ बघत राहिले.
भात निवला.

सोमवारी मर्चंट म्हणाले, बिल उतरलंय, बरं झालं.
पण हे किरकोळ काय आहे?

जिन्यावरचा झाडू थांबला.

जुनं वायरिंग, मी म्हटलं.
गळतं थोडं.