ओट्सचा डबा

इझबेलनं जमिनीला भोकं पाडली.
घरमालकाला सांगितलं नाही.
चार बोल्ट, करंगळीएवढी पोलादी दोरी,
आणि कॉम्प्युटरच्या पोटाखाली
सुईनं कोरलेला आपला पोस्टकोड.

गोदी बंद झाली तेव्हा हातात आलेले सगळे पैसे
या काळ्या यंत्रात गेले.
दिवसा ती त्यावर फाटका टॉवेल टाकते,
वर मांजराचं खाणं.
रिकामं खोकं फाडून तिनं
तीन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्यात घातलं.
दारात ठेवलं असतं
तर अख्ख्या ग्लासगोत दवंडी.

पण आतलं?
क्लाइडकाठच्या वेल्डरांचे, रंगाऱ्यांचे आवाज,
अकरा वर्षांचे.
त्यातले निम्मे आता कुठेच बोलत नाहीत.
त्यांना कुठला बोल्ट मारणार?

म्हणून दर शुक्रवारी एक छोटी डिस्क
खालच्या मजल्यावर, लॅक्लनच्या ओट्सच्या डब्यात.
मागच्या आठवड्याची वर येते,
भुशानं माखून.
हे काय, असं तो कधी विचारत नाही.
एकदाच म्हणाला,
"माझा आहे का गं आवाज त्यात?"
"नाही. तू बोललास कधी?"

चोर काही आलेला नाही अजून.
आज शुक्रवार.
लॅक्लन सकाळपासून घसा खाकरतोय,
दार नुसतं लोटून ठेवलंय.