फक्त वाचण्यासाठी

हीऊमा बेटाभोवती मार्चमध्येही समुद्र गोठलेलाच असतो.
फेरीबोट बर्फ फोडत येते,
तो कडकडाट हेल्यूच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.
त्या आवाजाच्या नादात ती बाजाराची यादी लिहायला बसली
आणि कर्सर कुठे आहे ते पाहायचं राहिलं.

कर्सर लेखकाच्या रकान्यात होता.
चार हजार तीनशे बारा पुस्तकं एकदम निवडलेली.
कशी, कोण जाणे.
कोपर टेकलं असेल, नाहीतर मांजराचा पाय.
तिने लिहिलं, बटाटे दोन किलो,
आणि सवयीने एंटर दाबलं.

एका दमात सगळी पुस्तकं एकाच लेखकाची झाली.
प्रवासवर्णनं, मासेमारीचे नियम, तीन भागांतली प्रेमकथा,
साबणाचा कारखाना कसा काढावा यावरचं ते जाडजूड पुस्तक,
जे उघडायला कुणी धजावलं नव्हतं,
सगळ्यांवर : बटाटे दोन किलो.

आधी ती खळखळून हसली.
मग आठवलं, ही यादी कुणी लावली होती.

आर्वेदने. नऊ हिवाळे बसून.
बंदरावर वजनकाटा सांभाळलेला माणूस,
ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.
निवृत्तीनंतर पुस्तकं तोलू लागला :
नाव, वर्ष, भाषा,
आणि शेऱ्यात एखादीच ओळ.
‘शेवट रडवतो, हेल्यूला सांगू नये.’

तार्मो आला, फेरीवरचा इंजिनवाला,
बूट दाराशी काढून, हातांना डिझेलचा वास.
मुरंब्याच्या बरण्यांमागची हार्ड डिस्क तिने काढून दिली.
त्यावर आर्वेदच्या अक्षरात चिठ्ठी : दर रविवारी!
एकही रविवार तिने पाळला नव्हता.
शेवटची प्रत नोव्हेंबरची, इस्पितळाच्या दोन दिवस आधीची.
पण त्यानंतर भर तरी कुणी घातली होती?
काहीच हरवलं नाही.
हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि वाटलंही नाही.

मग तार्मोने फोल्डरला कुलूप घातलं.
म्हणाला, आता वाच हवं तेवढं.
वाचखुणा शेजारच्या फोल्डरमध्ये पडतील, इथे नाही.
इथे तुझं बोट घसरलं, मांजर नाचलं,
तरी कानामात्रा हलणार नाही.
परवलीचा शब्द त्याने कागदावर लिहिला,
तिने कागद चहाच्या डब्यात टाकला, झाकण घट्ट.

तो गेल्यावर तिने मुद्दाम एक पुस्तक पुसून पाहिलं.
पडद्यावर आलं : परवानगी नाही.
तिने आणखी एक पुसून पाहिलं.
परवानगी नाही.
गेल्या चार महिन्यांत सगळेच तिला हो हो म्हणत होते,
तुला हवं तसं कर, हवं ते ठेव, हवं ते देऊन टाक.
या यंत्राचा नकार तिला
पाठीमागे टेकायला मिळालेल्या भिंतीसारखा वाटला.

रात्री यादी वरपासून खाली वाचत गेली,
नुसती यादी, पुस्तकं नाहीत.
दीपगृहांच्या दुरुस्तीवरची एक पुस्तिका,
वर्ष : २०९१.

आर्वेद, आणि चूक!
नऊच्या आधी शून्य? तो तर काट्याची धूळसुद्धा पुसून मग वजन करायचा.
तिचं बोट आपोआप गेलं, एकोणीसशे करायला.
परवानगी नाही.

चहाचा डबा हाताच्या अंतरावर होता.
तिने तो उघडला,
चमचाभर पत्ती काढली,
कागद तिथेच राहू दिला.

बाहेर शेवटची फेरी बर्फ फोडत परत निघाली.
पाणी उकळेपर्यंत ती त्या ओळीकडे बघत उभी होती.
अजून छापलंच गेलं नाही म्हणजे हे पुस्तक.
आणि आर्वेदने ते वाचूनही ठेवलंय.
शेऱ्यात लिहिलंय : ‘ठीक. चित्रं चांगली.’