टिरिलचा टॅब

माझ्या फोनची काच मीच फोडली, मंगळवारी.
कशी, ते आठवत नाही.
म्हणून लेकीचा टॅब घेतला. रविवारी आईकडे परतताना
ती विसरून गेलेली. सशाच्या कानांचं कव्हर,
कडेला वाळलेला जॅम.

व्हार्डोत नोव्हेंबर सरत आला की सूर्य उगवायचं सोडतो.
मग पहिला घोट सकाळी घेतला की संध्याकाळी,
कोण विचारतंय?
सोयीचं असतं ते.

बैठक आठची. आठ वाजून अकरा मिनिटांनी
बटण दाबलं, खेकड्याचा वास येणाऱ्या बोटाने;
कारखान्यात तीनदा हात धुतो, तरी जात नाही.
कॅमेरा बंद. आवाज बंद.
दाराला कडी, जणू कोणी येणारच होतं.

चौकोनांत माणसं. एकीच्या मागे भांडी, नळ चालू.
एकजण ट्रकमध्ये, टोपीसकट.
एक म्हातारा इतका पुढे, की नुसतं कपाळ.
मला वाटलेलं, हे लोक वेगळे दिसत असतील.

माग्नहिल्ड नावाची बाई चष्मा वर सरकवत म्हणाली,
"आज नवीन कोणीतरी आहे. ये, टिरिल. बस."
आणि मग बाकीचे, मागेपुढे, एकमेकांवर आदळत:
ये टिरिल. बरं झालं आलीस, टिरिल.

पाहिलं तर कोपऱ्यातल्या माझ्या काळ्या चौकोनावर
तिचं नाव. तिनेच टाकलेलं, शेजारी छोटा देवमासा.

आठ वर्षांची आहे.
माझ्या गमबुटात बाटली असते, तिला माहीत आहे.
तिला माहीत आहे हे मला कळलंय,
ते मात्र तिला माहीत नाही.

बाहेर पडायचं लाल बटण तिथेच होतं. बोट तिथवर गेलंही.
पण मी गेलो असतो तर ते म्हणाले असते, गेली वाटतं टिरिल.
कोणीतरी रात्री तिची काळजी करत पडलं असतं,
पिणाऱ्या टिरिलची.

हे काही घशाखाली उतरेना.

आवाज सुरू केला. आधी खोकलोच, बराच वेळ.
"टिरिल नाही," म्हणालो, "टिरिल माझी मुलगी.
ती दूध पिते.
पिणारा मी."

भांडीवालीने नळ बंद केला.

"तोर्स्टाइन. पण हे नाव इथून काढायचं कसं, मला येत नाही.
आधी तेवढं सांगा.
बाकीचं मग."

ट्रकमधला माणूस पुढे झुकला.
"वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात?"
"दिसतात."
"घाई नाही. त्यावर बोट ठेव."