शिक्षणातील खंडाबाबत

मी, कुमारी हर्षला दिगंबर कोष्टी, वय एकोणीस,
राहणार मिरज,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
बारावीनंतरचं एक वर्ष मी कुठेही शिकत नव्हते.

शंभराचा स्टॅम्पपेपर. बाबांनी फोटो पाठवलाय,
पुढच्या प्रवेशाला लागतो म्हणून.
वकिलाकडे मजकूर तयारच असतो,
नाव आणि साल तेवढं भरायचं.

इथं ग्लासगोत डिसेंबरात पावणेचारला अंधार.
आत्या रात्रपाळीवरून येते तेव्हा मी उठते.
एकच पलंग, आम्ही आळीपाळीनं झोपतो.

मंगळवारी आणि गुरुवारी वर्ग.
मॉर्वन बेअर्ड बाई दिवे घालवून स्लाइड लावतात
आणि विचारतात, उजेड कुठून येतोय?
डावीकडून, खिडकीतून, सगळे म्हणतात.
त्यांनी रोम पाहिलंय, आईबरोबर, सुट्टीत.
माझं सगळं पाहणं बाबांच्या फ्रेमच्या दुकानात झालेलं:
गजानन, लक्ष्मी, लग्नातले जोडफोटो,
आणि सकाळी कुणीतरी घाईनं आणलेला
पासपोर्टवरचा एक चेहरा, मोठा करून,
संध्याकाळपर्यंत हवा असलेला.

मग एका गुरुवारी संग्रहालयात नेलं.
एकेकानं एकच चित्र, दोन तास, समोर बसून.
माझ्या वाट्याला लिंबू आलं.
अर्धं सोललेलं, साल टेबलाच्या कडेवरून लोंबतेय,
शेजारी पेला कलंडलेला. चित्रकार अज्ञात.
पहिला अर्धा तास मला नुसती तहान लागली.
मग नजर घसरत कडेला गेली
आणि तिथंच बसली.

काय दिसलं? बाईंनी विचारलं.
खालचा उजवा कोपरा उघडलाय, म्हटलं,
सूतभर.
इंग्रजीत सूत सापडेना,
मी नखाची कड दाखवली.

कुणीतरी हसलं.
दाराशी उभा असलेला रखवालदार मात्र आला,
ड्यूगल मॅकफी, साठीचा,
चष्मा कपाळावर ढकलून गुडघ्यावर बसला.
हीटर सुरू झाले की दरवर्षी लाकूड आक्रसतं, म्हणाला,
आणि दरवर्षी मीच वर जाऊन सांगतो.
यंदा तू सांगितलंस.

बाई काही बोलल्या नाहीत.
स्वतःची खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या
आणि कोपऱ्यापासून बघायला लागल्या.

बाबांना फोन केला तेव्हा मिरजेत अकरा वाजून गेलेले.
कसलं चित्र?
लिंबाचं.
नुसतं लिंबू?
अर्धं सोललेलं.
थोडा वेळ पंख्याचा आवाज.
काच होती?
होती.
चित्राला टेकलेली?
नाही, बारीक फट होती मध्ये.
मग शहाणी माणसं आहेत, म्हणाले. फट लागतेच.
टेकली की दमट हवेत चित्र काचेला चिकटतं,
आणि सोडवायला गेलं तर
चेहरा काचेवर राहतो.

कारण: याच्यापुढे एक रिकामी ओळ आहे.
वैयक्तिक, असं लिहितात म्हणे सगळे.
दोनदा खोडलं.

बाहेर आत्या, तिची किल्ली कुलपात अडकलीय,
रोज अडकते.
उठायला हवं.
पांघरूण गरम आहे तोवर.